अनुभव लिहा: रेसच्या गाडीचं इंजिन बांधून घेतलंत की बदललंत?

माझी मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची गाडी) दोन महिने स्टँडवर उभी आहे. पहिल्या पिढीची, 1.6 लिटरची, आतून सगळं काढून, केज (गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी सांगाडा) आणि सीट बसवून ट्रॅकसाठी केलेली. शेवटच्या दिवशी एका लांबलचक वळणात ऑइल प्रेशरचा काटा खाली झोपायचा आणि वळण संपलं की उठायचा. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, सोडून दिलं. तिसऱ्या फेरीला इंजिनाच्या पोटातून टकटक सुरू. तेल डिपस्टिकच्या खालच्या खुणेलाही नव्हतं, त्यामुळे चूक सोळा आणे माझीच. घरी येऊन तेल काढलं, तर उन्हात त्यात चमकी चमकत होती.

आता डोक्यात तीन रस्ते आहेत. हेच 1598 सीसीचं इंजिन खोलून बांधायचं. नाहीतर नंतरच्या मॉडेलचं 1839 सीसीचं बसवायचं. तिसरा रस्ता मित्राचा: ‘एवढं उघडलंच आहेस तर व्ही-8 घाल आणि मोकळा हो.’

सल्ले पुष्कळ मिळाले. देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कधी हेडचा (इंजिनाच्या वरच्या भागाचा) बोल्ट सैल केलेला नाही. म्हणून अनुभव मागतोय: काय केलंत, कुठे फसलात, आणि परत वेळ आली तर काय करणार नाही.

* * *

टकटक आल्यावर पुन्हा स्टार्ट करून पाहिलं नाहीस ना? मी पाहिलं होतं. ‘बघू तरी अजून आवाज येतोय का.’ आवाज आला आणि पाठोपाठ रॉडही (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला. बांधायचं की बदलायचं हा प्रश्न तिथेच मिटला.

* * *

माझी फजिती वेगळ्या जातीची. इंजिन आयडलला अडखळायचं, ताकद गेलेली. मी न उघडताच ‘संपलं हे’ असं ठरवून टाकलं आणि दुसरं इंजिन शोधण्यात अख्खा हंगाम घालवला. जुनं पुढे कधीतरी सहज खोललं. बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ते भोक) स्वच्छ, क्रँक (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) आरशासारखा, आणि एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. हेड उतरवून आठवड्याभरात झालं असतं.

तेव्हापासून लीक-डाउन टेस्ट केल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. रेसच्या इंजिनात 10 टक्क्यांच्या आत असेल तर निवांत झोपा, 20 च्या वर गेलं तर खोला. पण आकड्यापेक्षा कान लावणं महत्त्वाचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅसकेट. नुसती कंप्रेशन टेस्ट ‘दुखतंय’ एवढंच सांगते, ही टेस्ट कुठे दुखतंय ते दाखवते.

तुझ्या बाबतीत मात्र हिचा उपयोग अर्धाच. टकटक आणि चमकी म्हणजे बेअरिंगचं दुखणं, आणि बेअरिंगबद्दल ती काही बोलत नाही. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरव, रॉडच्या कॅप काढ, जर्नलवरून (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) नख फिरव. नख अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगला जाणार हे नक्की.

* * *

मी बांधलं. टोयोटाचं 4ए-जीई, 1.6 लिटर, बोअर 81 मिलिमीटर. एकदा नाही, दोनदा बांधलं, आणि दुसऱ्यांदा का बांधावं लागलं ते सांगण्यासाठीच लिहितोय.

पहिली गोष्ट, नवे पिस्टन हातात येईपर्यंत कुणालाही ब्लॉक बोअर करू देऊ नका. मशीनशॉपवाला म्हणेल ‘अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज ना, करून ठेवतो.’ नाही. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्याप्रमाणे होनिंग (दगडाने बोअर घासून नेमक्या मापाला आणणं) करायचं. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, त्यांना साध्या पिस्टनपेक्षा जास्त जागा लागते. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी) बसवायला सांगा, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर थोडा वेडावाकडा होतो. सैल ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर, हेड आवळल्यावर गोल राहत नाही.

रिंगा पाकिटातून काढून थेट घालायच्या नाहीत. एकेक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. टर्बो नसेल तर बोअरच्या साधारण हजारात चार भाग, म्हणजे माझ्या 81 ला 0.32 मिलिमीटरच्या आसपास. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा तुकडा घेऊन जातात. बेअरिंगची फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी धरून चालायचं, मग मॅन्युअल काय म्हणतं ते पाहायचं. मी बेअरिंगमध्ये प्लास्टिगेज (चेपल्यावर रुंदीवरून फट सांगणारा मऊ धागा) चेपून प्रत्येक जर्नल दोनदा तपासला. रॉडचे बोल्ट सगळे नवे घेतले. यावर तीन रविवार गेले.

एवढं सगळं करून बांधलेलं इंजिन चाळीस मिनिटं चाललं.

ब्लॉक मशीनशॉपमधून ‘धुऊन’ आला होता. तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधला तेलाचा बोगदा) टोकाचे प्लग मात्र तसेच होते आणि मी ते काढले नाहीत. होनिंगच्या दगडाची सगळी बारीक पूड त्या बोगद्यात बसलेली. पहिल्यांदा तेल फिरलं तशी ती थेट मेन बेअरिंगमध्ये गेली. घरी ब्लॉक आला की गॅलरीचे प्लग काढणं, बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणि साबणाचं गरम पाणी हे काम कुणावर सोपवायचं नाही. पांढरं फडकं बोअरमधून फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. माझं पहिलं फडकं राखाडी आलं असतं, पण मी फिरवलंच नव्हतं.

आणखी एक रोग आहे, ‘आता उघडलंच आहे तर’. उघडलंच आहे तर कॅम बदलू, कॅम बदलला तर स्प्रिंग बदलू, आता 7000 ऐवजी 7700 पर्यंत फिरवू. आरपीएम 10 टक्के वाढले की रॉडवरचा ताण 21 टक्के वाढतो, कारण तो वर्गाने वाढतो. मग रॉडही बदला. माझ्या यादीचं दुसरं पान सुरू झालं तेव्हा बायकोने पेन काढून घेतलं. त्याबद्दल आजही तिचा आभारी आहे.

* * *

मी बदललं. होंडा सिव्हिक, पाचव्या पिढीची. सरळ रस्ता बी-मालिकेचा होता, 1.6 चं बी16ए, जे त्या गाडीत फारशी कुरकुर न करता बसतं. पण मला के20 हवं होतं, 2 लिटर, कारण आकडे मोठे होते आणि मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो.

आता गंमत ऐका. बी-मालिकेचं इंजिन पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, के-मालिकेचं घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे के बसवलं की गिअरबॉक्स गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो. एक्झॉस्ट पुढून मागे, फायरवॉलकडे जातो. म्हणजे माउंटिंग नवं, एक्सल नवे, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) नवा, गिअर लिव्हरच्या केबल नव्या, रेडिएटरचे होज नवे, पेट्रोलची लाइन नवी. इंजिन खोलीत उतरवलं एका शनिवारी. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, सगळ्यांनी ‘झालं की!’ म्हटलं. गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली त्यानंतर चौदा महिन्यांनी.

यातले पाच महिने वायरिंगने खाल्ले. कापलेला हार्नेस (वायरींचा जुडगा) स्वस्त पडतो म्हणून घेतला, तो मी केलेला सगळ्यात महाग सौदा. इंजिन घेताना त्याच गाडीचा अख्खा हार्नेस, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि चावी एकत्र मिळत असेल तरच घ्या. नाहीतर इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारत बसतो आणि पंप चालूच होत नाही.

गाडी आता सुंदर पळते, ते नाकारत नाही. इंजिनाच्या दुप्पट खर्च इंजिनाभोवती झाला, तेही सोडा. पण चौदा महिन्यांत मी एकही लॅप मारला नाही, आणि परत ट्रॅकवर गेलो तेव्हा माझ्याहून हळू गाडीवाली पोरं मला मागे टाकत होती. ती वर्षभर चालवत होती, मी वर्षभर वायरींची टोकं क्रिंप करत होतो.

* * *

सगळे इंजिनाबद्दल बोलताय, नियमांचं पुस्तक कुणी उघडलंय का? मी रॅलीत नेव्हिगेटर आहे, कागद वाचणं हेच माझं काम. आमच्या ड्रायव्हरने मोठ्या हौसेने इंजिन बदललं आणि स्क्रूटिनीच्या (गाडी तपासणीच्या) टेबलावर आम्हाला थेट खुल्या गटात टाकलं. तिथे आमच्यासमोर कोण होतं ते विचारू नका. होमोलोगेशनवर (मॉडेलच्या अधिकृत नोंदीवर) चालणाऱ्या गटांत त्या मॉडेलचं नोंदलेलंच इंजिन लागतं, आणि एकाच मॉडेलच्या स्पर्धांत कधी कधी इंजिनाला सीलही असतं. 1839 चं बसवायच्या आधी ते तुला कोणत्या गटात नेऊन बसवेल ते बघ. गट ताकद आणि वजनाच्या गुणोत्तरावर असेल तर कदाचित फरक पडणार नाही. इंजिनाच्या सीसीवर असेल तर पडेल.

* * *

ज्यांना ‘व्ही-8 घाल’ म्हणणारे मित्र आहेत त्यांच्यासाठी. माझी माझदा आरएक्स-7, दोन रोटरचं 13बी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर), 654 सीसीचे दोन. पाणी थोडं थोडं कमी होत होतं, मी नुसती भर घालत राहिलो, एक दिवस तापलं आणि गेलं.

रोटरीच्या बाबतीत नेहमीचं गणित चालत नाही. साधा कंप्रेशन गेज लावला तर तो एकच आकडा दाखवतो, पण प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात. त्यातली एक मेलेली असली तरी तो गेज चांगलाच आकडा दाखवू शकतो. तिन्ही वेगळ्या दाखवणारा टेस्टर लागतो. दुसरं असं की, पिस्टनच्या इंजिनात घासलेला बोअर मोठा करून मोठे पिस्टन घालता येतात. रोटर हाउसिंगवर (रोटर ज्यात फिरतो ते कवच) आतून क्रोमचा थर असतो. तो उडाला की ते बोअर करून वाचवता येत नाही. माझी दोन्ही हाउसिंग गेली होती. मग 5.7 लिटरचं ॲल्युमिनियम ब्लॉकचं एलएस1 घातलं.

विश्वासू आहे, तेल-पाणी घाला आणि पळवा. पण गाडीचं नाक जड वाटायला लागलं, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मग डिफरन्शियलचा रेशो चुकीचा वाटू लागला, मग ब्रेक. एका इंजिनाच्या पायी पुढचा अर्धा भाग नवा झाला. आणि तो 8000 च्या वरचा रोटरीचा आवाज… असो. बिडाच्या ब्लॉकचं 5.3 स्वस्तात मिळत होतं, ते वजनामुळे टाळलं, तेवढी अक्कल शिल्लक होती.

* * *

बांधणं आणि बदलणं यांच्यामध्ये एक कंटाळवाणी वाट आहे, मी दहा वर्षं तिच्यावर चालतोय. तेच इंजिन, तोच कोड (इंजिनाचा प्रकार), दुसऱ्या अपघातग्रस्त गाडीतलं, न उघडता जसंच्या तसं. एका वीकएंडला बसतं. वायरिंग तेच, माउंटिंग तेच, गट तोच. जुनं इंजिन कोपऱ्यात ठेवून सावकाश बांधायचं, घाई नाही.

घेताना तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय आहे का पाहा, प्लग काढून बोरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घाला, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, आणि जुना ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा. फिल्टर खोटं बोलत नाही. बसवायच्या आधी सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट बदलायचे.

आणि चेंबरमध्ये बॅफल (तेल एका बाजूला पळू न देणाऱ्या पट्ट्या) बसव बाबा. काटा वळणात झोपत होता म्हणजे तेल पिकअपपासून (तेल ओढणारी नळी) लांब पळत होतं. चिकट टायर लावलेल्या गाडीत हे आज ना उद्या होतंच. इंजिन कुठलंही घातलंस तरी चेंबर तोच ठेवलास तर पुढच्या वर्षी परत हाच प्रश्न विचारायला येशील. दुसरं, बेअरिंग गेलेल्या गाडीचा ऑइल कूलर वापरायचा नाही. कितीही धू, आत चमकी अडकतेच.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून हिशेब देतो. चेंबर उतरवला. तिसऱ्या सिलेंडरची बिग एंड (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंग गेली, जर्नलवर नख अडकतं. बोअर मात्र मर्यादेत आहेत, होनिंगची जाळी अजून दिसते. नियम वाचले: आमचे गट सीसीवर आहेत, 1839 ने मी वरच्या गटात जातो. शिवाय सुरुवातीच्या 1.6 ला छोटा डिफरन्शियल असतो, तोही बदलावा लागला असता. व्ही-8 वाल्या मित्राला कळवलं, तो नाराज आहे.

तर सध्या तसंच दुसरं 1.6 घेतलंय, बॅफल घालून या आठवड्यात बसेल. जुना क्रँक ग्राइंडिंगला दिलाय, ब्लॉक घरात आहे, गॅलरीचे प्लग काढून ठेवलेत. राखाडी पूड निघाली नाही, पण मागच्या प्लगपाशी चमकीचा गोळा होता.

ऑइल कूलर मात्र टाकवत नव्हता, गेल्याच वर्षी हौसेने बसवला होता. पेट्रोलने तीनदा धुतला, तिसऱ्यांदा स्वच्छ निघालं. तरी खात्री म्हणून ग्राइंडरने मधोमध कापला. आतली प्रत्येक पट्टी सोनेरी होती.