वॉचमनकडच्या किल्ल्या

ए-१०३ (काका): फॉरवर्ड: "दोन निळ्या, एक लाल टिक दिसली तर सरकारने तुमचा मेसेज वाचला." सांभाळून राहा.

बी-३०२: काका, लाल टिक असतच नाही. हे वर्षानुवर्षं फिरतंय, कृपया डिलीट करा. काळजी आहे ती २०२१ च्या आयटी नियमांची. आदेश आला की मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपने तो मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय.

ए-१०३ (काका): मग सांगावं की! २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं. ती अफवा सोडणारा सापडायला नको?

बी-३०२: सापडायलाच हवा. पण उद्या कुठला मेसेज विचारतील हे आज कळत नाही, म्हणून सगळ्यांच्या सगळ्या मेसेजवर खूण ठेवावी लागेल. तुम्ही काकूंना पाठवलेल्या रिपोर्टवरसुद्धा.

ए-१०३ (काका): अगं, २०२४ च्या पुरात आपण सगळ्यांनी वॉचमनकडे किल्ल्या दिल्याच होत्या ना?

बी-३०२: दिल्या, आपल्या हाताने. विश्वामित्री नदीचं पाणी ओसरल्यावर परतही घेतल्या. इथे मेसेजच्या कुलपाची किल्ली कोणी वापरली, कधी वापरली, आपल्याला कळणारच नाही. आणि ती चोराच्या हाती लागली तर? अमेरिकेत फोन कंपन्यांनी पोलिसांसाठी ठेवलेल्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत चिनी हॅकर पोचले, २०२४ मध्येच उघड झालं ते.

ए-४०१ (वहिनी): पण कायद्याचा काही धरबंध असेल ना गं?

बी-३०२: वहिनी, तिथेच माझं दुखणं आहे. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली मेसेज उघडून बघायची परवानगी देतात गृहसचिव, आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. त्यात न्यायाधीश कुठेच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संशयित असेल तर न्यायाधीशाकडून वॉरंट घ्या, त्याचा फोन जप्त करा, माझी ना नाही. त्याच्यासाठी पूर्ण वडोदऱ्याची कुलपं सैल करू नका.

ए-१०३ (काका): फॉरवर्ड काढलं. राईनपाड्याबद्दलचं तुझं म्हणणं मात्र मला अजून पटलेलं नाही.

ए-४०१ (वहिनी): आपले जुने चॅट तरी सुरक्षित आहेत ना?

बी-३०२: बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप, आपण स्वतः चालू करावं लागतं, वहिनी. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली आहे. पासवर्ड विसरलात तर चॅट परत मिळत नाहीत, कागदावर लिहून कपाटात ठेवा.

ए-४०१ (वहिनी): संध्याकाळी फोन घेऊन येते.

ए-१०३ (काका): मीही येतो.