घोड्यात उभं करणं ही शिक्षा आहे म्हणे!

टिळकवाडीकर: काल एका पालकाने लिहिलं की कराटेच्या क्लासात पोराला किबा-दाचीत, म्हणजे पाय फाकून गुडघे वाकवलेल्या घोडा पवित्र्यात, नुसतं उभं करून ठेवतात, ही शिक्षा आहे, शिकवणं नव्हे, त्यापेक्षा पंच-किक घ्या, आणि त्यावर सगळ्यांच्या टाळ्या. डोकं फिरलं वाचून. ओ साहेब, जपानात कराटे रुजवणाऱ्या फुनाकोशींनी तेक्कीच्या तीन काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, शिकायला दहा वर्षं घातली, आणि तेक्की म्हणजे सगळा घोडाच, त्याच पवित्र्यात आडवं सरकायचं. तिकडं चीनमध्ये वांग शियांगझाईंनी यीच्वान ही लढायची कला काढताना ठरलेले फॉर्म बाजूला सारले आणि उभं राहण्यालाच पाया केलं. ही माणसं काय खुळी होती? पाय रोवला नसेल तर ठोसा नुसता खांद्यातनं येतो, त्यात काही दम नसतो. आणि कंबर कुठं वर गेली, वजन कुठल्या टाचेवर पडलंय, खांदा का आखडलाय हे थांबल्यावरच कळतं, हलताना सगळं लपून जातं.

येळ्ळूरचा गडी: आमच्या कुस्तीच्या तालमीत कोण उभं राहतंय ओ? जोर मारा, बैठका मारा, मातीचा हौदा उकरा. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, शिरला की तुमचा घोडा तिथंच आणि तुम्ही पाठीवर.

टिळकवाडीकर: कुस्तीच्या सुरुवातीला खडाखडीत वाकून उभा राहतोस तो पवित्रा नसतो काय? काय सांगूलास!

येळ्ळूरचा गडी: असतो की. पण हलता असतो. पुतळा नसतो.

फिजिओताई: उभं राहून मांडीचा दम वाढतो हे खरं, पण ती ताकद जास्त करून त्याच कोनात येते जिथं गुडघा धरलाय. म्हणून घोडा धरणारा उडीपण उंच मारेल असं काही नाही. आणि माझ्याकडं येणाऱ्या पोरांचे गुडघे आत पडलेले असतात, पाय नको तेवढे फाकलेले, बघणारं कोणी नाही. सर कुठं? मोबाईलवर.

खानापूरवाला: आत्ता आला मुद्दा!! आमच्याकडं तेच चाललंय, पोरं घोड्यात आणि सर बाहेर चहाला. आणि परीक्षा आली की परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. आमच्या पोराला पिवळा मिळाला त्याच आठवड्यात चुलत बहिणीनं अंगणात लोळवला त्याला.

वडगावची सेन्सेई: फी फी काय लावलंय? ट्यूशनला निमूट देता की हजारो. हॉलचं भाडं कोण भरतं?

खानापूरवाला: कसला हॉल ओ मॅडम? देवळाच्या पटांगणात भरतो क्लास. भाडं मारुती घेतोय काय?

वडगावची सेन्सेई: तुमच्यासारख्या पालकांमुळंच बेल्ट वाटायची वेळ येते. एकाला थांबवलं, म्हटलं पाय पक्का नाही अजून, तर आई म्हणते शेजारच्याला मिळाला मग आमच्याला का नाही. गेलं पोरगं दुसऱ्या क्लासात, तिथं लगेच हिरवा! मग घोड्यात उभं कोण करणार, आणि केलं तर तुम्हीच शिक्षा म्हणून बोंबलणार.

खानापूरवाला: उभं करा, पण समोर थांबा की! पैसे उभं राहायचे घेता का बघायचे?

कॅम्पातला माजी जवान: जरा गप्प बसा दोघं. लष्कराच्या मराठा सेंटरात आम्हाला आधी सांगितलेलं, सावधानमध्ये गुडघे ताठ लॉक करू नका. तसं केलं आणि पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायातच साचतं, मग चांगला धट्टाकट्टा गडी परेडवर आडवा होतो. उभं राहायलापण शिकवावं लागतं. फीचं भांडण दुसरीकडं न्या.

येळ्ळूरचा गडी: बरं, एवढं कबूल. नवीन पोरगं हौद्यात उतरलं की वस्ताद आधी पाय कसा ठेवायचा दाखवतात, मागनं ढकलून बघतात. त्याला तुम्ही जपानी नाव द्या नाहीतर चिनी. पण ते चार श्वास ओ, मग लगेच जोर. अर्धा अर्धा तास न्हाई.

टिळकवाडीकर: म्हणजे शेवटी आलास की माझ्याच बाजूला.

येळ्ळूरचा गडी: व्हय व्हय, आलो. रविवारी तालमीत या तुमचा घोडा घेऊन, लंगोट आमच्याकडनं.

खानापूरवाला: बघायला येतो मी. पण सर्टिफिकेटचे पैसे आधीच सांगा.