अर्धवट आठवणारं गाणं तुम्ही कसं शोधलंत?

नाशिक

आमच्याकडे एक कॅसेट होती. आतेभावाने होस्टेलवरून भरून आणलेली. एका बाजूला कुमारांची निर्गुणी भजनं आणि दुसऱ्या बाजूला गिटार घेऊन गाणारी एक बाई. वर बॉलपेनने नुसतंच 'इंग्रजी' लिहिलेलं. त्यातलं एक गाणं मला तोंडपाठ होतं, म्हणजे चाल पाठ होती. शब्दांच्या जागी आपलं काहीबाही. 'संडे' परत परत यायचं, बाई एक-दोन-तीन-चार मोजायची आणि मध्येच 'देणीस मागणे' असं काहीतरी. लहान मुलांचं गाणं असणार, अशी माझी खात्री. मुलगी झाल्यावर तिला मांडीवर घेऊन हेच गुणगुणायचे. पुढे टेपने फीत गिळली. पेन्सिल घालून गुंडाळली, सुकवली, काही उपयोग झाला नाही.

आता मुलीला मुलगी झाली आहे. ती बाळाला हेच म्हणते, 'देणीस मागणे'सकट! जावयांनी विचारलं, हे गाणं कुठलं? मग शोध सुरू. आतेभावाला एवढंच आठवतं की ते अमेरिकेतल्या काळ्यांवरच्या अत्याचारांविरुद्धचं निषेधाचं गाणं आहे. मला पटेना. निषेध इतका हळू करतात का? फोनसमोर गुणगुणले तर त्याने एक जुनं स्कॉटिश प्रेमगीत काढून दिलं. प्रेयसीचं लग्न दुसऱ्याशी लागतंय आणि हा बघतोय. चाल तीच. पण त्यात ना रविवार, ना आकडे.

कुणाला ओळखता आलं तर सांगा. आणि तुम्हीही अशी गाणी शोधली असतील, तर ते अनुभवही इथे लिहा.

पुणे

तुमचं गाणं मला ओळखता आलं नाही, पण निषेध हळू करतात बरं का. माझ्या डोक्यात कॉलेजपासून एक गाणं अडकलेलं होतं: कामवाली बाई, श्रीमंत तरुण, हातातली काठी आणि शेवटी सहा महिन्यांची शिक्षा. गायकाचं नाव माहीत होतं, बॉब डिलन. पण त्याची गाणी शेकड्यांनी. शेवटी गाण्यातली घटनाच शोधू म्हटलं आणि मारेकऱ्याच्या नावावर अडकलो. डिलनने झँटझिंगर या आडनावातला 'ट' गाळलेला आहे, त्यामुळे मी टाइप करत होतो एक आणि जुन्या बातम्यांत होतं दुसरंच.

ती बाई म्हणजे हॅटी कॅरोल, वय ५१, बाल्टिमोरच्या एका हॉटेलात बारवर काम करायची. फेब्रुवारी १९६३. ड्रिंक द्यायला उशीर झाला म्हणून त्याने तिला काठी मारली. काही तासांत ती हॉस्पिटलात मरण पावली. शिक्षा सुनावली २८ ऑगस्टला, म्हणजे वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगचं ते भाषण झालं त्याच दिवशी! ती काळी होती हे गाण्यात एकदाही येत नाही. म्हणून इतकी वर्षं मी ते गरीब-श्रीमंताचं गाणं समजत होतो. तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायची गरजच नसणार.

आमच्या घरी वामनदादा कर्डकांची गाणी लागायची. घडलेली गोष्ट माणसांच्या नावानिशी चालीवर बसवायची, हा प्रकार कानाला ओळखीचा होता. पोवाडाच म्हणा ना, फक्त डफाऐवजी गिटार.

ठाणे

माझा शोध उलटा. 'होंगे कामयाब' शाळेत इतक्यांदा म्हटलं की ते आपल्याच स्वातंत्र्यलढ्यातलं वाटायचं. गिरिजाकुमार माथुरांनी ते 'वी शॅल ओव्हरकम'वरून हिंदीत आणलं आणि मूळ गाणं अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीत मोर्च्यांमध्ये म्हणत, हे पस्तिशीत कळलं. शोधत नव्हतो, तरी सापडलं.

हडपसर (मधली चार वर्षं जोहान्सबर्ग)

ऑफिसातल्या एकाचे वडील वारले म्हणून सोवेटोत गेलो होतो. कबरीजवळ लोक एकच ओळ म्हणत होते, पुन्हा पुन्हा. एक आवाज पुढे, बाकीचे मागून. पुरुषांचा खर्ज असा की पायाखाली जाणवावा. घरी आल्यावर कानाला जे आलं ते डायरीत देवनागरीत उतरवलं: 'सेंझेनी ना'. इंग्रजी स्पेलिंग करून शोधलं, काही मिळालं नाही. मग एकदा ड्रायव्हरला डायरीतलं जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि त्याने स्टिअरिंगवर ताल धरून अख्खं म्हटलं! (देवनागरी झिंदाबाद.) अर्थ: आम्ही काय केलं? आम्ही असा काय गुन्हा केला? वर्णद्वेषी राजवटीत मारल्या गेलेल्यांच्या अंत्ययात्रांत हे म्हणत.

आणि गंमत बघा, वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मेला, त्याच्यावरचं पीटर गेब्रियलचं गाणं माझ्याकडे कॉलेजपासून होतं. त्याच्या शेवटी हेच सूर आहेत. मी दर वेळी त्याआधीच टेप बंद करायचो.

अटलांटा

काकू, तुमचं गाणं 'बर्मिंगहॅम संडे'. गायलंय जोन बाएझने, १९६४ मध्ये. लिहिलं तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, रिचर्ड फरिन्याने, आणि त्यासाठी चाल घेतली त्याच स्कॉटिश प्रेमगीताची. म्हणजे तुमचा फोन अर्धा बरोबर होता.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी पायऱ्यांखाली डायनामाइट ठेवलं होतं. सकाळी १०:२२ ला स्फोट झाला, तेव्हा तळघरात मुली प्रार्थनेसाठी आवरत होत्या. चौघी गेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या तिघी १४ वर्षांच्या, डेनिस मॅकनेर ११ वर्षांची. पहिला आरोपी दोषी ठरला १९७७ मध्ये, आणखी दोघे २००१ आणि २००२ मध्ये.

गाण्यात एकेका मुलीचं नाव येतं आणि तिच्याबरोबर आकडा. ते मोजणं हेच आहे, काकू. सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं.

आम्ही इथून गाडीने अडीच तासांत गेलो होतो. चर्चसमोरच्या बागेत चौघींचे पुतळे आहेत. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती. ती पुतळ्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ उठेना.

नाशिक

सापडलं. चार वेळा ऐकलं. तोच आवाज, फक्त फितीची खरखर नाही. आतेभावाला फोन केला, तर 'मी सांगत होतो की!' म्हणून खूश.

दोनचा आकडा येतो तिथे थांबवून, मागे घेऊन परत ऐकलं. 'देणीस मागणे' म्हणजे डेनिस मॅकनेर. दोन पोरींना मी त्या नावावर झोपवलं.

मुलीला सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. काल फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मागे पाळण्याची कडी तेवढी करकरत होती. मग म्हणाली, "आई, चौघींची नावं नीट लिहून पाठव. उच्चारासकट."