पार्किंगमधलं पिल्लू घरी आणलंय, पण दिवाणाखालून बाहेरच येत नाही

दुपारचा_चहा

ठाण्यात पाचव्या मजल्यावर 2 बीएचके. माणसं सहा: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. शिवाय पोळ्यांच्या मावशी, दूध, कचरा, कुरिअर. दार दिवसातून वीसेकदा तरी उघडतं. सोसायटीच्या पार्किंगमधलं मांजराचं पिल्लू परवा वर आणलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 780 ग्रॅम भरलं. आल्यापासून हॉलमधल्या दिवाणाखाली आहे. रात्री बाहेर येतं आणि रडतं. न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यावर दोनदा शू केली, गॅलरीत ठेवलेल्या ट्रेकडे ढुंकूनही बघत नाही. घर शाकाहारी, त्यामुळे सासूबाई दूध-पोळी देतात. कालपासून शी पातळ आहे. धाकटा सारखा उचलायला जातो आणि परवा त्याला बारीकसं बोचकारलंही. सुरुवात कुठून करू?

भाटी_आणि_बोका

सुरुवात बोचकारण्यापासून. ओरखडा जरासा असला तरी पिल्लू रस्त्यावरचं आहे आणि त्याला लस झालेली नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि मुलाला आजच डॉक्टरांकडे न्या. रेबीजचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, घरी अंदाज बांधत बसू नका.

आता पिल्लू. 780 ग्रॅम म्हणजे साधारण आठ आठवड्यांचं. या वयात त्याला अख्खा फ्लॅट झेपत नाही. सहा माणसांचे आवाज, मिक्सर, बेल, आणि पळायला दिशा दहा. म्हणून ते सगळ्यात अंधारी फट शोधतं. त्याला एकच खोली द्या. तुमच्याकडे सासू-सासऱ्यांची खोली उत्तम, कारण तिथे माणसं एका जागी शांत बसतात.

आधी त्या खोलीतल्या फटी बुजवा: पलंगाखाली गाद्या-उशा कोंबा, कपाटामागची जागा पुठ्ठ्याने बंद करा. लपायला एकच जागा ठेवा, आडवं केलेलं पुठ्ठ्याचं खोकं. आत जुन्या साडीची घडी. पिल्लाला दिवाणाखालून ओढून काढू नका. खोकं दिवाणाच्या तोंडाशी ठेवून आत खाणं ठेवा, आत शिरलं की खोक्यासकट उचलून न्या.

पुढचे दोन-तीन दिवस काहीही ‘करायचं’ नाही. जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. आजोबांनी पेपर मोठ्याने वाचला तर फारच छान, आवाज ओळखीचा होतो. टक लावून बघणं त्याला धमकी वाटते. तुमच्यासमोर निवांत खाऊ लागलं, शेपटी उभी ठेवून चालू लागलं आणि सलग दोन दिवस ट्रेमध्येच शी-शू केली, की दार उघडा. कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला दहा. मग एकेक खोली, मुलं झोपल्यावर.

रडण्याचं बरंचसं कारण एकटेपणा आणि गारवा. रात्री दहाच्या सुमारास 10-15 मिनिटं दोरीला बांधलेल्या कापडामागे पळवा, लगेच खायला द्या, दिवे घालवा. शिकार, पोटभर खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा उपजत क्रम आहे. खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा.

वाळूचं_घड्याळ

गॅलरीतला ट्रे म्हणजे आठ आठवड्यांच्या पोराला शूसाठी पुढच्या गल्लीत पाठवण्यासारखं. ट्रे त्याच्याच खोलीत, खाण्यापासून निदान चार-पाच फूट लांब. काठ तीन इंचांपेक्षा उंच नको. कपडे भिजवायचं पसरट प्लास्टिकचं घमेलंही चालतं, एक बाजू कापून कड घासून घ्या.

वाळूचा थर दोन इंच. गोळा होणारी बेंटोनाइट वाळू चार महिन्यांपर्यंत टाळा, पिल्लं चाखून बघतात आणि ती पोटात फुगते. लाकडाच्या गोळ्या किंवा साधी बारीक, धुतलेली वाळू वापरा. खाऊन झालं आणि झोपून उठलं की दर वेळी ट्रेमध्ये नेऊन ठेवा. पंजा धरून उकरायला लावू नका, ते त्याला येतं.

पायपुसणं उचला, कारण मऊ, ओलसर आणि वास लागलेलं म्हणजे त्याच्या लेखी ट्रेच. फरशीवरचा डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनेल नको, काळं असो वा पांढरं. फिनॉल मोडून टाकणारी प्रक्रिया मांजराच्या यकृतात फार कमकुवत असते. पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. हे मावशींनाही सांगा. याच कारणाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करावा. टॉक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला घातक परजीवी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस घेतो.

काटेकोर

दूध आजच बंद. दुधातली साखर (लॅक्टोज) पचत नाही म्हणून शी पातळ होते, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे थेट शरीरातलं पाणी कमी. सासूबाईंना वाईट वाटेल, पण पोळीत टॉरिनही (मांसातून मिळणारं, मांजराला अत्यावश्यक पोषक द्रव्य) नाही. ते नसेल तर मांजराची नजर आणि हृदय दोन्ही खराब होतात.

शाकाहारी घरात मांस शिजवायची गरज नाही. ‘किटन’ लिहिलेलं कोरडं खाणं आणा. या वजनाला दिवसाला 40-50 ग्रॅम, चार वेळांत विभागून. सुरुवातीला कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. नुसतं बोनलेस चिकन उकडून देणारेही चूकच करतात, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि हाडं ठिसूळ होतात.

या आठवड्यात प्राण्यांच्या डॉक्टरांकडे: शीची तपासणी, वजनाप्रमाणे जंताचं औषध (दर दोन आठवड्यांनी, बारा आठवड्यांचं होईपर्यंत), ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस) पहिला डोस. जुलाब थांबल्याशिवाय डॉक्टर लस पुढे ढकलू शकतात. डोस दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. बारा तास काहीच खाल्लं नाही, उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसलं, तर वेळ ठरलेली असली तरी थांबू नका.

तिसरी_घंटा

चार वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ सांगून उपयोग नाही, त्याला काम द्या. वाटी ठेवणं त्याचं. नियम एकच: मांडी घालून बसल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही. उचलायचं मोठ्यांनी, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. हाताची बोटं हलवून खेळवू नका. आता गंमत वाटते, सहा महिन्यांनी तोच बोका मनगट फोडतो.

पाचवा मजला म्हणून जाळीबद्दल ठाम बोलते. कबुतरांची नायलॉनची जाळी पिल्लू कुरतडतं, आणि खालची कड सैल असते तिथूनच निसटतं. स्टीलची वेल्डेड जाळी, भोक एक इंचाहून मोठं नको, चारही बाजूंनी स्क्रूने बसवलेली. ती लागेपर्यंत गॅलरीचं दार बंद. मुख्य दाराबद्दल: निदान महिनाभर, बेल वाजली की आधी खोलीचं दार लावायचं. वॉशिंग मशीन सुरू करण्यापूर्वी ड्रममध्ये हात फिरवायचा.

दोरे उचला: राख्या, फुलांच्या हाराचा दोरा, मांजा, मुलीचे रबरबँड. गिळलेला दोरा शीच्या जागी लोंबताना दिसला तर ओढू नका, आत आतडं कापलं जातं. पिल्लाला तसंच डॉक्टरांकडे न्या.

दुपारचा_चहा

मुलाला दाखवून आलो, इंजेक्शन सुरू झालं. पिल्लू खोक्यासकट सासूबाईंच्या खोलीत गेलं. त्या विचारतायत, अंगावर पिसवा दिसतात, आंघोळ घालायची का?

काटेकोर

आत्ता नको, भिजून गारठलं तर आजारी पडेल. बारीक दातांचा कंगवा फिरवा, पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. मानेवर टाकायचं औषध वय आणि वजन बघून डॉक्टरांकडूनच घ्या. कुत्र्यासाठीचं चुकूनही नको, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.