मदत हवी आहे: कॉन्फिडन्स इंटर्व्हल ±१.८२ येतो, पुस्तकात ±२.२२ का?

५०० ग्रॅम छापलेल्या पोह्यांच्या १० पाकिटांची वजनं दिली आहेत. सरासरी ४९८, एक्सेलमध्ये प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती विखुरली ते) २.९४. मग ९५ टक्क्यांसाठी १.९६ × २.९४ ÷ √१० = १.८२, म्हणजे ४९६.१८ ते ४९९.८२. पुस्तकात उत्तर ४९५.७८ ते ५००.२२. छपाईची चूक आहे का? आणि ९५ टक्के पाकिटं या पट्ट्यात बसतात, असाच अर्थ ना? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
पुस्तक बरोबर आहे. तुमच्या दोन चुका आहेत आणि दोन्हींमुळे इंटर्व्हल (खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा) अरुंदच होतो.

तुम्ही ‘एसटीडीईव्ही.पी’ वापरलंय, ते १० ने भागतं. नमुन्याला ‘एसटीडीईव्ही.एस’ लावा, ते ९ ने भागतं, ३.१० येईल. आपण फरक मोजतो ते नमुन्याच्याच सरासरीपासून. खऱ्या सरासरीपासून मोजले असते तर फरकांच्या वर्गांची बेरीज जास्त भरली असती, म्हणून भाजक एकाने कमी.

दुसरं, १.९६ चालतं ते सगळ्या मालाचं प्रमाण विचलन आधीच माहीत असेल तेव्हा. इथे तेही याच दहा पाकिटांतून काढलंय, म्हणजे तेही डळमळीत. त्यासाठी टी-कोष्टक (त्यात १.९६ च्या जागी घ्यायचे मोठे गुणक असतात), ९ ची (१० वजा १) ओळ: २.२६२. कोष्टक एका बाजूचं असेल तर ०.०२५ चा रकाना बघा, ०.०५ चा घेतलात तर १.८३३ मिळेल आणि इंटर्व्हल ९० टक्क्यांचा होईल. २.२६२ × ३.१० ÷ ३.१६२ = २.२२.

फरक किरकोळ वाटतो, पण तुमच्या पट्ट्यात ५०० नाही, पुस्तकाच्या पट्ट्यात आहे. तुमच्या आकड्यांवर कारखान्याला ‘माप मारता’ म्हणून मोकळे झाला असता! (डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने हेच छोट्या नमुन्यांचं कोडं सोडवलं.)

प्रतिसाद २
९५ टक्के पाकिटांचा अर्थ चूक. हा पट्टा सरासरीचा आहे. पुन्हापुन्हा दहा-दहा पाकिटं उचलून दर वेळी असा पट्टा काढला, तर साधारण ९५ टक्के पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. पुढच्या एका पाकिटाचं वजन हवं असेल तर २.२६२ × ३.१० × √(१ + १/१०) = ७.३५, म्हणजे ४९०.६५ ते ५०५.३५.

धागाकर्ता
धन्यवाद! २.२२ आलं. पट्टा निम्मा करायला २० पाकिटं पुरतील?

प्रतिसाद १
नाही, पाकिटं वर्गमुळाखाली आहेत, साधारण चौपट लागतील. विचलन तेच राहिलं तर ४० पाकिटांना २.०२३ × ३.१० ÷ √४० = ०.९९. निम्म्याहूनही कमी, कारण टी-कोष्टकातला गुणक पण उतरला. फक्त ती चाळीस एकाच खोक्यातली नकोत. एकाच वेळी भरलेली पाकिटं एकमेकांसारखी निघतात, आणि सूत्र ती स्वतंत्र धरून चालतं.