गेटजवळचा बंप

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी कडिया (गवंडी) येतोय. मेन गेटजवळचा जुना बंप, म्हणजे स्पीडब्रेकर, झिजलाय, त्याच्यावर आणखी दोन इंच काँक्रीट चढवायचं ठरलं आहे. बागेच्या वळणावर एक नवीन होईल. कुणाला काही सांगायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

डी-१०३: काका, जरा उंचच करा. परवा एक डिलिव्हरीवाला इतक्या जोरात आत आला! माझी मुलगी सायकलवर होती. हातभर अंतरावरून गेला तो. माझे हातपाय अजून कापतात आठवलं की.

बी-३०२: बाप रे. उंचच हवा मग.

सी-२०४: काका, बंप हवाच, ताईंचं अगदी बरोबर आहे. पण जुन्यावर दोन इंच चढवू नका, एवढी माझी विनंती. मी आत्ता टेप घेऊन खाली जाऊन आलो. जुना बंप गाडी जाते त्या दिशेला दीड फूट लांब आणि जेमतेम तीन इंच उंच आहे. दोन इंच चढले की पाच होतील, म्हणजे सव्वाशे मिलिमीटर. माझ्या गाडीचं पोट रस्त्यापासून १४० मिलिमीटरवर आहे. आत दोघं बसले की तेही खाली येतं. गाडी घासणार हे नक्की.

ए-४०४: दादा, राग मानू नका, पण १२० फ्लॅटच्या सोसायटीनं एका बुटक्या गाडीचा विचार करायचा का? तुमची ती दोन सीटची हौसेची गाडी आहे. मुलं सगळ्यांची आहेत.

सी-२०४: राग कसला. पण ती हौसेपुरती ठेवलेली गाडी नाही हो. घरात दुसरी चारचाकी नाही. इथे बडोद्यात मकरपुऱ्याला कामावर मी रोज तिनंच जातो आणि खंडेराव मार्केटची भाजीही तिच्यातूनच येते. आणि बंपचं म्हणाल तर प्रश्न एकट्या माझ्या गाडीचा नाही. बी-२०२च्या आजोबांना विचारा.

बी-२०२: विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. रिक्षानं जुन्या बंपवरून जातानासुद्धा मी दांडीला दोन्ही हातांनी धरून अधांतरी बसतो. अजून उंच केलात तर गेटवर उतरून चालत येईन.

ए-१०१ (सेक्रेटरी): मग करायचं काय? उंच नको, बुटका चालत नाही.

सी-२०४: काका, उंचीइतकीच लांबी महत्त्वाची आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं यासाठी मानक आहे, आयआरसी ९९. त्यातला बंप १० सेंटिमीटर उंच असतो, पण गाडी ज्या दिशेनं जाते त्या दिशेला तो ३.७ मीटर पसरलेला असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. ताशी २५ किलोमीटरनं सुखानं ओलांडता येईल, त्याहून जोरात गेलात तर आदळाल, असा हिशोब आहे त्यामागे.

आता बघा. छोट्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २.४ मीटर अंतर असतं. दीड फुटाचा बंप या दोन चाकांच्या मधे आला की चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि सव्वाशे मिलिमीटरचा उंचवटा थेट पोटाखाली. लांब बंपवर चारही चाकं एकदमच चढावर असतात, त्यामुळे मधला भाग पोटाकडे फक्त ४२ मिलिमीटर वर येतो. अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, कागदावर करून बघा. जुन्यापेक्षा उंच बंप, आणि तरी माझी बुटकी गाडीही घासत नाही. हळू गेली तर अँब्युलन्सही आदळत नाही.

ए-४०४: हे माहीत नव्हतं. पण ताशी २५ म्हणजे मुलांच्या दृष्टीनं जास्तच झालं की.

डी-१०३: हो, मलाही तेच वाटलं.

सी-२०४: खरं आहे. म्हणून एकावर थांबू नये. गेटपासून वळणापर्यंत जागा थोडी आहे, तिथे दोन असले की मधे वेग धरायला वावच राहत नाही. आणि वर पांढरे पट्टे हवेत. जुन्या बंपवर पट्टे नाहीत, रात्री बाइकवाल्याला तो दिसतच नाही. न दिसणारा बंप वेग कमी करत नाही, माणूस पाडतो.

बी-५०३: सी-२०४ काका, तुमच्या गाडीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मलाही नोकरी लागली की अशीच हलकी, मॅन्युअल गाडी घ्यायचीय. बाबा म्हणतात रोज चालवशील तर महिन्यात कंटाळशील. तुम्ही खरंच कंटाळला नाहीत?

सी-२०४: नाही रे बाळा. अकरा वर्षं झाली.

तुला माहीत असेल, माझी सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, पाच गिअर. युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये हेच इंजिन असायचं. आकड्यांत बघशील तर आजची कुठलीही साधी हॅचबॅक तिला मागे टाकेल. तरीही जेलरोडवरून ताशी चाळीसनं जाताना मला जे मिळतं ते दुसऱ्या गाडीत सत्तरलाही मिळत नाही. स्टिअरिंगमधून रस्ता कळतो. कुठे डांबर नवं आहे, कुठे वाळू पडलीय, सगळं हाताला सांगते ती. वजन कमी असलं की टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सगळंच छोटं चालतं, आणि ते छोटं झालं की वजन आणखी उतरतं. इंग्लंडात लोटसनं १९९६ साली एलिस ही हलकी स्पोर्ट्स कार आणली, तिची ॲल्युमिनियमची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, फक्त ६८ किलोची होती. जपानच्या माझदाची एमएक्स-५ ही अशीच दोन सीटची गाडी, १९८९ सालची. आज तिच्या दहा लाखांहून जास्त गाड्या बनल्यात. ते लोक ‘जिंबा इत्ताई’ म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. मला तो शब्द खूप आवडतो, कारण रोज सकाळी मला नेमकं तेच वाटतं.

त्रास आहे, तोही सांगतो. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात कापडी छताखाली दुपारी दोनला बसणं सोपं नाही. छताची रबरं वयानं कडक होतात, मी दर पावसाळ्याआधी तपासतो. सामान म्हणजे दोन पिशव्या. आईचे गुडघे दुखतात, तिला त्या बुटक्या सीटवरून उठताच येत नाही, म्हणून तिच्यासाठी रिक्षा बोलावतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आईवडिलांना तुलाच ने-आण करावी लागत असेल तर दोन सीटची घेऊ नकोस, हलकी हॅचबॅक मॅन्युअलमध्ये घे.

क्लचचं मात्र बाबांना सांग की सवयीचा प्रश्न आहे. सिग्नलला गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून पूर्ण खाली. क्लच अर्धा दाबून गाडी सरकवत राहायची नाही, पुढे एका गाडीची जागा होऊ द्यायची आणि मग निघायचं. नवरात्रात गरब्याच्या गर्दीतही माझा पाय भरून येत नाही.

बी-५०३: आणि पंधरा वर्षं झाल्यावर?

सी-२०४: खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं, तपासणीत गाडी ठीक असली पाहिजे. फायबरला गंज नाही, पण खालच्या लोखंडाला आहे. जुनी घेताना आधी गाडीखाली झोपून बघ, रंग नंतर.

ए-३०१: २०२४च्या पुरात काय केलंत हो? आमची तर बेसमेंटमध्येच बुडाली.

सी-२०४: वहिनी, विश्वामित्री नदी चढतेय असं ऐकल्यावर मी रात्रीच गाडी फ्लायओव्हरवर नेऊन ठेवली आणि चालत घरी आलो. हलक्या गाडीला पाण्याचा धोका जास्त. वजन कमी तितक्या कमी पाण्यात चाकांची पकड सुटते. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) थोडंसं पाणी दिसलं तरी मी गाडी वळवतो, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

ए-१०१ (सेक्रेटरी): मंडळी, बंपवर येऊया. खर्च किती वाढेल?

सी-२०४: गेटजवळ रस्ता चार मीटर रुंद आहे. म्हणजे एका बंपला साधारण एक घनमीटर काँक्रीट. जुना फोडावा लागेल, ती मजुरी वेगळी. गेट आणि वॉचमनच्या केबिनच्या मधे जागा साडेपाच मीटर आहे, मी मोजली. प्लायवुडचा १७ मीटर त्रिज्येचा फर्मा उद्या मी कापून आणतो. कडियानं तो काँक्रीटवर टेकवून बघायचा, अंदाजानं थापी मारायची नाही. फर्म्याचे पैसे घेणार नाही.

ए-४०४: फर्मा कापायला मी येतो. माझ्याकडे जिगसॉ आहे.

डी-१०३: दोन बंप आणि पट्टे होणार असतील तर माझी हरकत नाही. रंगाचा डबा माझ्याकडून. मुलगी म्हणतेय पट्टे ती ओढणार.

बी-२०२: मोठ्या माणसानं सोबत उभं राहायचं. मी खुर्ची टाकून बसेन.

ए-१०१ (सेक्रेटरी): ठीक. रविवारी आठ वाजता. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारायचं आहे, वॉचमनला सांगतो. तोवर सगळ्या चारचाकी मागच्या गेटनं.

सी-२०४: मागच्या गेटचा उतार माझ्या गाडीला चालत नाही काका. मी शनिवारी रात्रीच ती बाहेर रस्त्यावर लावतो आणि आठवडाभर तिथूनच कामावर नेतो.