प्रेसवर दोन बोटं गेली. मालक पंचाहत्तर हजार आणि नोकरी देतोय. घ्यावेत का?

चाकणवाला मामा
माझा भाचा, वय २५. गाव परभणीकडे. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये (मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) ठेकेदारामार्फत कामाला, पगार १६ हजार. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या आधी, रात्रपाळीत उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दोन महिने घरी होता. आता जेवताना भाकरीचा तुकडा अंगठा आणि अनामिकेत धरून मोडतो, आणि आपण बघतोय असं दिसलं की डाव्या हाताने जेवायला लागतो.

मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, ते नाकारत नाही. आता म्हणतो पंचाहत्तर हजार घे, परत कामावर ये, फक्त स्टॅम्प पेपरवर सही कर की ‘माझी कोणतीही तक्रार नाही’. ताई म्हणते सही करून टाक. माझं मत, अजिबात करू नये. ज्याला काही द्यायचंच आहे त्याला सही कशाला लागते? तुम्हाला काय वाटतं, स्पष्ट लिहा.

भोसरीकर
स्पष्टच लिहितो, राग मानू नका. माझं स्वतःचं छोटं युनिट आहे, बावीस माणसं. तुमच्या मालकाने बिल भरलं, पैसे देतोय, वर नोकरी देतोय. दहातले आठ जण फोनसुद्धा उचलत नाहीत. कोर्टात गेलात की ही नोकरी संपली, आणि दोन बोटं नसलेल्या पोराला गेटवर उभं कोण करणार? आणखी एक, जे कोणी बोलत नाही. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर पोरंच बांधून ठेवतात. पीस जास्त निघावेत म्हणून. आम्ही चिमटे देतो, ते ड्रॉवरमध्ये पडून असतात.

निवृत्त टूलरूम
भोसरीकर, तीस वर्षं प्रेस सेट केल्यात, म्हणून विचारतो. ती प्रेस जुन्या पिन क्लचची की न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी? पिन क्लचवर एकदा स्ट्रोक सुटला की रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली जाऊन वर येईपर्यंत मध्ये थांबत नाही. तिला सेन्सर लावला काय, न लावला काय, दाखवायला बरा. आणि पिन झिजली की बटण न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. पोरगं पीस काढायला हात घालतं तेव्हाच. ‘डबल मारला’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! पिन वेळेवर बदलणं हे ऑपरेटरचं काम नाही.

आणि चिमटा ड्रॉवरमध्ये का पडतो? चिमट्याने काढायचं तर तासाचा आकडा पूर्ण होत नाही. आकडा कोण ठरवतं?

भोसरीकर
आकडा मी ठरवत नाही, आमचा माल घेणारी वरची कंपनी ठरवते. दरवर्षी मेल येतो, पीसमागे एवढे पैसे कमी करा. न्यूमॅटिक प्रेस घ्यायला कर्ज काढायचं, आणि तो मेल आला की हप्ता कुठून भरायचा? असो. तुमचा मुद्दा चुकीचा आहे असं म्हणत नाही.

सुमन सातपूर
मी मामांच्या विरोधात लिहितेय. माझ्या मिस्टरांचा पंजा फाउंड्रीत भाजला, केस केली, सहा वर्षं चालली. दर तारखेला एक खाडा. वकिलाची फी वेगळी. समोरचे दर वेळी पुढची तारीख मागायचे आणि ती मिळायची. निकाल आमच्या बाजूने लागला, पैसे आले, तोवर मुलीची बारावी झाली होती आणि अंगावर उधारी होती. मिस्टर त्या सहा वर्षांत धड कुठे टिकले नाहीत, नवीन ठिकाणी ‘कोर्टवाला’ हे नाव आधीच पोचलेलं असायचं. मुलगा २५ चा आहे, लग्न व्हायचंय. पंचाहत्तरऐवजी दीड लाख मागा आणि नोकरी घ्या. तत्त्वाचं भांडण ज्यांना पगार चालू आहे त्यांनी करावं.

वकीलबाई
सुमनताईंचा अनुभव खोटा नाही, तारखांचं दुखणं खरंच आहे. पण दीड लाख मागण्याआधी हक्काचा आकडा तरी माहीत हवा, नाहीतर घासाघीस कशावर करणार?

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टात २० टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात. हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५ हजार, म्हणून १६ चे १५ धरायचे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. वय २५ चा गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०, त्याचे २० टक्के ३,९०,४३८ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, कारण नसताना अडवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. आणि हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातलच धरतात, त्यामुळे त्या स्टॅम्प पेपरला कोर्टात फारसं वजन नाही. तो पोराला घाबरवायला असतो.

भोसरीकरांच्या बाजूचंही सांगते. कामगाराने मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं हे सिद्ध झालं, तर अशा अर्धवट अपंगत्वात मालक सुटू शकतो. पण ‘मुद्दाम’ हे मालकाने सिद्ध करायचं. सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर सेन्सर बांधलेला असेल तर ते कठीण जातं.

(नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. अपघात त्याआधीचा, म्हणून जुना हिशोब मांडलाय.)

चाकणवाला मामा
पावणेचार लाखांच्या वर! आणि हा पंचाहत्तर हजार उपकार केल्यासारखे देतोय.

पगारपत्रक
मामा, एवढ्यात उड्या मारू नका. पगार १६ हजार म्हणजे २१ हजारांच्या आत, म्हणजे तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) यायला हवा. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात का बघा. ईएसआय असेल तर वकीलबाईंनी सांगितलेला दावा चालतच नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ आडवं येतं. मग मालकाकडून भरपाई नाही, सगळं ईएसआय महामंडळाकडून.

वकीलबाई
बरोबर. माझी चूक, आधी विचारायला हवं होतं.

पगारपत्रक
आणि खरं तर हे पोरासाठी चांगलं आहे. सुमनताई, हे तुमच्यासाठीही. त्यात तारखांवर तारखा नाहीत. कामावर नव्हता त्या दिवसांचे साधारण ९० टक्के पगार मिळतात. मग मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे. बोर्डाने २० टक्के धरले तर १६ हजारांच्या ९० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे महिना साधारण २,८८० रुपये. कामावरच्या इजेला ‘किती महिने हप्ता भरला’ ही अट नाही, रुजू झाल्या दिवसापासून संरक्षण.

मुख्य गोष्ट, नोकरी केली म्हणून ही पेन्शन बंद होत नाही. त्याच कंपनीत तोच पगार घेत राहिला तरी चालू. म्हणजे ‘नोकरी की भरपाई’ हा प्रश्नच मालकाने बनवलेला आहे. ईएसआयमध्ये या भरपाईसाठी मालकाच्या खिशातून एक रुपया जात नाही, नोंदणी वेळेवर केली असेल तर. तरी तो पंचाहत्तर हजार द्यायला तयार आहे, का? कारण अपघाताचा फॉर्म १२ भरला की तारीख, वेळ, मशीन, सगळं कागदावर येतं.

भोसरीकर
हे मान्य करायला जड जातंय, पण हो. फॉर्म गेला की फॅक्टरी इन्स्पेक्टर प्रेस बघायला येऊ शकतो, वरच्या कंपनीच्या ऑडिटलाही तो अपघात दिसतो. ऑर्डर जायची भीती दंडापेक्षा मोठी असते. तरी माझं मत कायम आहे, मालकाशी तोडू नका. फॉर्म भरा एवढंच मागा, पोलीस-कोर्ट काढू नका. बहुतेक ऐकेल.

सुमन सातपूर
आमच्या वेळी मिस्टरांचं ईएसआयचं कार्डच नव्हतं. असतं तर. ‘ऐकेल’ यावर मात्र माझा विश्वास नाही.

चाकणवाला मामा
पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे का म्हणून भाच्याला विचारलं. चिठ्ठीच कधी मिळाली नाही. पण मोबाइलवर ईएसआयचा नंबर आहे. नोंदणीची तारीख अपघातानंतर तिसऱ्या दिवसाची! पोरगं तिथे मार्चपासून आहे.

पगारपत्रक
हे जुनं आहे. माणूस पडला की कार्ड निघतं आणि मग अपघाताची तारीख पुढे सरकवतात. मालकाने उशिरा नोंदणी केली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, महामंडळ पैसे मालकाकडून वसूल करतं. पण मार्चपासून कामावर होता हे दाखवावं लागेल. पगार बँकेत येत असेल तर पासबुक भरून घ्या. गेटपास, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, काहीही चालेल. घेऊन शाखा कार्यालयात जा आणि अर्जाची पोच घ्या.

भोसरीकर
आणि मामा, पहिल्या रात्री ज्या दवाखान्यात नेलं तिथला केसपेपर बघा. वेळ आणि कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते बरोबर गेलेला सुपरवायझर सांगतो. मालक असून सांगतोय.

चाकणवाला मामा
आत्ता काढून बघितला. रात्री २:४०. ‘घराच्या दरवाजात बोटे अडकून.’ खाली नातेवाईक म्हणून सही आहे. आमच्यापैकी कोणाचीच नाही.